बिल फिटलं, म्हणजे देणं फिटलं का?

🙏 ॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारच्या बैठकीत निपाणीकडच्या एका कुटुंबानं प्रश्न विचारला. सुट्टीत मुलांना घेऊन खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं ठरतंय, तिथल्याच हॉटेलात दोन रात्री राहायचं आहे. आजी-आजोबा धरून सहा माणसं, म्हणजे खर्च बराच. साधकानं असल्या ठिकाणी जावं का? की तेवढ्या पैशात अन्नदान केलेलं बरं? झालं, बैठकीत दोन तट पडले. काहीजण म्हणाले, हा निव्वळ भोग आहे. काहीजण म्हणाले, पोरांचं बालपण काय परत येतंय का? आरतीची वेळ झाली आणि विषय तिथंच राहिला. पण प्रश्न सगळ्यांच्याच घरचा आहे, म्हणून या अंकात त्यावर लिहीत आहोत.

आधी सरळ उत्तर देऊन टाकू. जावं. कर्ज काढावं लागत नसेल, घरातल्या कुणाचं औषधपाणी किंवा कुणाची फी अडत नसेल, तर खुशाल जावं. मुलांचं हसणं हा काही अधर्म नव्हे. आपल्या वाडवडिलांनी तरी काय केलं? सौंदत्तीची यल्लम्मा म्हणा, जोतिबाची चैत्री यात्रा म्हणा, बैलगाड्या जुंपून घरंच्या घरं निघायची. दर्शन झालं रे झालं की पोरं पाळण्यात बसायला पळायची. बत्तासे, पिपाणी, फुगे, सगळं व्हायचं. देवाला त्याचं कधी वावडं नव्हतं. देव आणि मौज एकाच माळावर सुखानं नांदायची.

मौजेशेजारी मुक्काम ही गोष्टही आता नवी राहिलेली नाही. अमेरिकेत डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला सुरू झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच्या शेजारी राहायचं हॉटेल उघडलं. आपल्याकडे मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ साली आलं, बेंगळुरूजवळ वंडरला २००५ साली, खोपोलीचं इमॅजिका २०१३ साली. इमॅजिकाला लागूनच २०१५ साली हॉटेल सुरू झालं, त्यात २८७ खोल्या आहेत. आपल्या सीमाभागातून दोन्हीकडे जाता येतं. कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूर, पुणे करत खोपोली गाठा, नाहीतर हुबळी, दावणगेरे करत बेंगळुरू.

मग या मुक्कामात नवीन काय आहे? जत्रेत चूल आपली आपणच मांडायची, पाणी आपणच आणायचं, अंथरूण आपणच गुंडाळायचं. मीठ संपलं तर शेजारच्या गाडीवाल्याकडं मागायचं, त्याची काडेपेटी संपली तर आपण द्यायची. रिसॉर्टात ही सगळी कामं दुसरं कुणीतरी करतं, आणि त्याचे पैसे आपण घरी बसून मोबाइलवरून आधीच भरलेले असतात. तिथूनच एक वाक्य जन्माला येतं. ताटात अन्न उरलं, पैसे भरलेत की! ओले टॉवेल जमिनीवर टाकले, पैसे भरलेत की! कॉरिडॉरमध्ये रात्री अकराला आरडाओरडा केला, पैसे भरलेत की!

आमचं म्हणणं एवढंच आहे की साधकानं हॉटेलाला भिऊ नये, या वाक्याला भ्यावं. पैसे भरल्यानं नेमकं काय फिटतं आणि काय फिटत नाही, याचा आज जरा निवांत विचार करू.

*ताटातलं देणं*

आपल्या उत्सवातला महाप्रसाद आठवा. पंगतीत बसल्यावर आजोबा नातवाला दटावतात, "पानात काही टाकायचं नाही हं." वाढपी आमटी घेऊन आला तर आधी पोटाचा अंदाज घेतो, मग 'थोडी' म्हणतो. उठताना पत्रावळ पुसल्यासारखी स्वच्छ असते. आता हीच माणसं बुफेच्या टेबलापाशी बघा. एका प्लेटीत इडली, दुसऱ्या प्लेटीत पास्ता, तिसरीत केकचे तीन तुकडे. एकेक घास चाखायचा आणि प्लेट बाजूला सारायची. माणसं तीच आहेत, पोट तेवढंच आहे. मग बदललं काय? प्रसाद कुणीतरी दिलेला असतो, देणारा डोळ्यांसमोर असतो. बुफेत देणारा दिसत नाही. आपणच आपल्याला दिलं असं वाटायला लागतं.

पैसे भरून खाण्याचा हक्क मिळाला, हे खरं आहे. टाकण्याचा हक्क कुठून आला? पोरानं दुकानातून आणलेल्या दहा वह्यांतल्या पाच फाडून टाकल्या तर 'वह्या आपल्याच पैशाच्या आहेत' म्हणून कुठला बाप गप्प बसेल? वही पैशानं आपली होते, पण कागद वाया घालवायची परवानगी त्यात येत नाही. अन्नाचं तर त्याहून जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. आणि हॉटेलांना नावं ठेवायच्या आधी पुढचा आकडा वाचा. त्यातलं ६० टक्के घरांतून गेलं, हॉटेल आणि खानावळींतून २८ टक्के. म्हणजे बुफेत दिसणारी सवय आपण घरूनच पिशवीत भरून नेतो.

*मोजणारा आणि धुणारा*

याची एक जुनी गोष्ट महाभारतात आहे, आणि ती पाहुण्यांची, मुक्कामाची आणि नवलाच्या वास्तूचीच आहे. मयासुरानं पांडवांना इंद्रप्रस्थात सभा बांधून दिली. तिथं जमीन पाण्यासारखी दिसायची आणि पाणी जमिनीसारखं. त्या काळचं थीम पार्कच म्हणा ना! राजसूय यज्ञाला देशोदेशीचे राजे मुक्कामाला आले. एवढ्या मोठ्या कार्यात घरच्या माणसांना कामं वाटून दिली गेली. आलेले नजराणे स्वीकारायचं काम दुर्योधनाकडं आलं. श्रीकृष्णानं आपणहून पाहुण्यांचे पाय धुवायचं काम घेतलं. कीर्तनकार तर सांगतात की पंगती उठल्यावर उष्ट्या पत्रावळीही त्यानंच उचलल्या. यज्ञ झाल्यावर दुर्योधन ती सभा बघायला मागं राहिला. जमीन समजून पाण्यात पडला. भीम हसला, चाकरसुद्धा हसले. दुर्योधन हस्तिनापूरला परतला तो मनातून जळतच.

एकाच घरी दोघं राहिले. एकानं मोजलं, एकानं धुतलं. तिथलं वैभव सगळ्यांत जवळून कुणी बघितलं असेल तर दुर्योधनानं. सगळी रत्नं त्याच्याच हातून गेली. पण त्यातून त्यानं घरी नेलं ते दुःख. श्रीकृष्णाच्या हाताला पाण्याशिवाय काही लागलं नाही, आणि त्या कार्यातलं मोठेपण आजही लोक त्याचंच सांगतात. हसणाऱ्यांचंही चुकलंच हं. पाहुणा घसरला तर हात द्यायचा असतो. म्हणजे बघा, यजमानाला धर्म आहे तसा पाहुण्यालाही आहे. हॉटेलात आपण पाहुणे असतो. पैसे देऊन आलो म्हणून पाहुण्याचा धर्म सुटत नाही.

*'सेवा' हा शब्द*

हॉटेलाच्या बिलावर एक कर असतो. १ जुलै २०१७ पासून देशभर तो लागू आहे. सरकारी मराठीत त्याचं नाव 'वस्तू आणि सेवा कर'. आता गंमत बघा. मठात आपण झाडतो, भांडी घासतो, चपला सांभाळतो, त्यालाही आपण सेवाच म्हणतो. खोली आवरणारं पोरगं पगारासाठी करतं, आपण पुण्यासाठी करतो. खोलात गेलं तर काहीतरी मिळावं म्हणूनच दोघंही करतात. मग आपली सेवा थोर आणि त्याची हलकी, हे कुणी ठरवलं? चादर ती चादर, फरशी ती फरशी.

आणि ते पोरगं परकंही नसतं. आपल्या खानापूर, चंदगड भागातली कितीतरी मुलं गोव्यात, पुण्यात हॉटेलांत कामाला आहेत. मंडळातल्या एका मावशींचा मुलगा असाच गोव्याला हाऊसकीपिंगला आहे. दिवसाला पंधरा-सोळा खोल्या आवरतो. मावशी सांगत होत्या, "पोरगं म्हणतंय, रागावणारं गिऱ्हाईक परवडतं आई. पण काही माणसं खोलीतच असतात आणि मी तिथं नाहीच असं वागतात. त्याचं लई वाईट वाटतंय."

पैशानं आपण त्या मुलाचा वेळ घेतला, कष्ट घेतले. त्याचं माणूसपण बिलात कुठंच धरलेलं नव्हतं. त्याचं देणं वेगळं आहे. ते नजरेनं द्यायचं असतं, नाव विचारून द्यायचं असतं, 'दमलास का रे' एवढ्या तीन शब्दांत द्यायचं असतं. त्यासाठी वेगळं पाकीट लागत नाही.

*दया नको, आधी दाम*

इथं कुणी म्हणेल, अहो, त्यांना पगार मिळतो, तो त्यांचा धंदा आहे. उगाच कीव करून त्यांना कमीपणा का आणायचा? हे म्हणणं बरोबर आहे. कीव करूच नये. आणि ही गोष्ट निपाणीला तर कुणी शिकवायची गरजच नाही. तंबाखूच्या वखारीत खोकत, ठसकत काम करणाऱ्या आपल्याच आया-आज्ज्या होत्या. त्या संघटित झाल्या तेव्हा त्यांनी कुणाची दया मागितली नव्हती. रास्त मजुरी मागितली, आणि माणसासारखी वागणूक मागितली. १९८२ साली युगांतर या स्त्रियांच्या गटानं त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यांच्या मागण्या दोन होत्या, हे लक्षात ठेवू. मजुरी ही एक आणि वागणूक ही दुसरी. एक दिली की दुसरी माफ होत नाही.

म्हणून आधी दाम चोख द्यायचा. हॉटेलाच्या दाराशी तोंडातून अवाक्षर न काढता हजारो रुपये देणारा माणूस घरी परतल्यावर भाजीवाल्या अक्काशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालत असेल, तर त्याचा हिशेब उलटा आहे. मोठ्याला मुकाट्यानं आणि गरिबाला घासाघीस करून, हा व्यवहारही नव्हे आणि परमार्थ तर नव्हेच नव्हे.

*रांग आणि उंची*

आता पार्कातली रांग. मोठ्या पाळण्यांना तास-तास उभं राहावं लागतं. डिस्नेच्या पार्कांत १९९९ साली रांग वाचवणारा पास आला, तेव्हा तो सगळ्यांना फुकट होता. २०२१ पासून तिथं त्याचे पैसे मोजावे लागू लागले. आपल्याकडच्या पार्कांतही जादा पैशाचं एक्स्प्रेस तिकीट मिळतं. देवळांना तरी नावं कशी ठेवायची? तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष दर्शन आहेच. मायकल सँडेल नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी २०१२ साली, पैशानं काय विकत घ्यावं आणि काय घेऊ नये, यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवातच त्यांनी रांग मोडण्यापासून केली आहे.

आम्हाला यात दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. ज्याला उभं राहणंच जमत नाही, म्हातारं माणूस, गरोदर बाई, आजारी मूल, त्याला पुढं जाऊ द्यायला पैसे लागू नयेत. तो त्याचा मान आहे. बाकीच्यांनी वेळ वाचवायला जादा पैसे दिले तर ते पाप आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण मूल हात धरून शेजारून चाललेलं असतं आणि ते विचारतं, "पप्पा, ती मुलं आपल्या आधीपासून उभी आहेत ना?" त्या वेळी काय उत्तर द्यायचं, ते तिकीट काढायच्या आधी ठरवावं. 'आपण पैसे भरलेत' एवढंच उत्तर दिलं तर मूल शिकतं की उभी असलेली माणसं आपल्यापेक्षा कमी. 'आपण वेळ विकत घेतलाय बाळा, मोठेपण नाही' असं सांगितलं तर निदान खरं तरी सांगितलं.

आणि गेटापाशी अजून एक परीक्षा असते. बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नसून उंचीवर असतं. पट्टी जवळ आली की एखादी आई हळूच कानात सांगते, "जरा गुडघे वाकव." तिकिटातले चार पैसे वाचतात. पण त्या लेकराला आयुष्यात पहिल्यांदा कळतं की आपल्या घरात खरं कुठं मोडतं. पैसे भरले की सगळं चालतं, आणि पैसे वाचत असले तरी सगळं चालतं, ही दोन वाक्यं सख्खी भावंडं आहेत.

*खराट्याचा हिशेब*

संत गाडगेबाबांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, पंढरपूरला, नाशिकला. गोरगरीब यात्रेकरूला डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून लाखोंचा व्यवहार त्यांच्या नावानं झाला, पण स्वतः राहिले चिंध्यांत. आणि गावात गेले की आधी खराटा हातात घ्यायचे. आधी झाडायचं, मग भाकरी. फुकटची भाकरी नको, हा त्यांचा रोकडा हिशेब होता.

त्यांच्याकडं पैसे नव्हते, तरी त्यांनी देणं ठेवलं नाही. आपल्याकडं पैसे असतात, आणि म्हणून आपलं देणं राहून जातं! खोली सोडताना कचरा एका पिशवीत भरणं, टॉवेल एका जागी ठेवणं, पोरांनी सांडलेलं पुसून घेणं, याला फार तर पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ तो खराटा आपल्या हातात असतो.

*आणि घरचं काय?*

आता जरा नाजूक गोष्ट. सहलीहून आलेल्या कुटुंबांना विचारा, काय आवडलं? मुलं पाळण्याचं नाव घेतात. पुरुष माणूस रस्त्याचं, खोलीचं, जेवणाचं सांगतो. आणि घरातली वहिनी जरा थांबून म्हणते, "सकाळचा चहा आयता मिळाला." हसण्यावारी नेऊ नका. दोन रात्रींच्या त्या सगळ्या खर्चात तिला मोलाचं वाटलं ते काय, तर दुसऱ्या कुणीतरी केलेला एक कप चहा.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. म्हणजे जवळपास पाच तास, रोज, सुट्टी नाही, बिल नाही.

हॉटेलात पैसे भरले म्हणून आपण म्हणतो, देणं फिटलं. घरात पैसे भरावेच लागत नाहीत म्हणून आपण धरून चालतो, देणं नव्हतंच. दोन्हीकडं गोष्ट एकच होते. समोर करणारं माणूस आपल्याला दिसेनासं होतं. त्या गोव्यातल्या पोराला जे वाईट वाटतं, तेच आपल्या स्वयंपाकघरात कुणाला तरी वीस-वीस वर्षं वाटत असेल. ते बोलून दाखवत नाहीत, एवढाच फरक.

ज्याची किंमत मोजता येते ते मोजून द्यावं, ताबडतोब द्यावं, बुडवू नये. पण मोजून झाल्यावर जे उरतं ते माणसाचं माणसाला देणं असतं. साधनेला बसतो ते हे उरलेलं दिसावं म्हणूनच. डोळे मिटून ते दिसत असेल आणि उघडल्यावर दिसत नसेल, तर साधना कुठंतरी अडकली आहे.

*या आठवड्याचा संकल्प*

१. सहलीला जाणाऱ्या कुटुंबांनी खोली आवरणाऱ्या माणसाचं नाव विचारावं आणि निघताना त्याच नावानं निरोप घ्यावा. मुलांना सोबत उभं करावं.

२. बुफेत पहिल्यांदा निम्मंच वाढून घ्यावं. पुन्हा उठायला कुणी अडवत नाही.

३. ज्यांना कुठंच जायचं नाही त्यांनी रविवारी सकाळचा चहा घरात रोज जे माणूस करतं त्याच्या हातात आयता नेऊन द्यावा. कप नंतर आपणच विसळावा. त्याचा फोटो गटात टाकू नये.

४. या लेखातलं पटलं नाही ते गुरुवारी बैठकीला येऊन सांगावं. विशेषतः रांगेबद्दल मंडळात दोन मतं आहेत, आणि दोन्ही बाजू ऐकायला आवडतील.

घरच्या गटात हा अंक पाठवा, आणि ज्यांना वाचता येत नाही अशा आजी-आजोबांना वाचून दाखवा.

जय गुरुदेव 🙏